वाढत्या डुकरांच्या आतड्याचे आजार आणि त्यांचे निदान

हगवण हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. आईचे दूध तुटल्यापासून विक्रीच्या वजनाला येईपर्यंतच्या काळात डुकराला हगवण लागण्याची कारणे अनेक असतात: जिवाणू, विषाणू, जंत, खाद्यातला अचानक बदल. त्यांतली बरीचशी बाहेरून सारखीच दिसतात, उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा. प्रतिजैविकाने जंत मरत नाहीत, जंतनाशकाने साल्मोनेला हा जिवाणू हटत नाही आणि स्वाइन फीव्हर या विषाणूच्या रोगावर तर कोणतेच औषध चालत नाही. त्यामुळे या आजारांत निदान चुकले, की औषधाचा खर्च वाया जातो आणि रोग कळपात मुरत राहतो.

नुकसान मरतुकीपुरते नसते. आतड्याचे अस्तर बिघडले की खाल्लेले अंगी लागत नाही. डुक्कर खाते, पण वजन धरत नाही. एकाच आठवड्यात जन्मलेल्या पिल्लांत काही भरलेली, काही खुरटलेली दिसू लागतात. हगवण दिसण्याआधीच कळपातली ही असमानता आतड्याच्या आजाराची सूचना देते.

लहान आतडे आणि मोठे आतडे

निदानाचा पहिला प्रश्न असा, की बिघाड आतड्याच्या कोणत्या भागात आहे. लहान आतड्यात अन्नाचे पचन व शोषण होते. तिथे बिघाड झाला, की विष्ठा पातळ आणि प्रमाणाने भरपूर होते, क्वचित तिच्यात न पचलेले अन्नही दिसते. अशा हगवणीत अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. मोठे आतडे मुख्यतः पाणी शोषून घेते आणि तंतुमय अन्न आंबवते. त्याला सूज आली, की विष्ठा थोडी थोडी पण वारंवार होते आणि तिच्यात आव किंवा ताजे रक्त येते.

वाढत्या डुकरात मोठे आतडे चांगले विकसित झालेले असते. लहान आतड्यातून जादा पाणी खाली आले, तरी ते बऱ्याच अंशी शोषले जाते. यामुळे लहान आतडे आजारी असूनही विष्ठा जवळपास घट्ट असू शकते. हगवण नाही म्हणजे आतडे निरोगी, असा निष्कर्ष या वयात काढता येत नाही.

रक्ताचा रंगही जागा सांगतो. लालभडक रक्त आणि आव असेल, तर ते बहुधा मोठ्या आतड्यातले. रक्त जठरातून किंवा लहान आतड्यातून येत असेल, तर वाटेत पचून विष्ठा काळीकुट्ट आणि चिकट होते.

वय आणि पसरण्याचा वेग

दुसरा प्रश्न वयाचा. दूध तुटल्यानंतरच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत ई. कोलाय जिवाणूच्या काही विशिष्ट जाती आणि रोटाव्हायरस यांच्यावर संशय जातो. परदेशातील मोठ्या फार्मवर पिल्ले ३ ते ४ आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करतात, भारतात अनेक ठिकाणी ६ ते ८ आठवड्यांनी. त्यामुळे पिल्लू किती आठवड्यांचे आहे यापेक्षा दूध तुटून किती दिवस झाले, हे पाहावे लागते. पुढे साधारण ६ ते २० आठवड्यांच्या वयात इलिआयटिस, डिसेंट्री, साल्मोनेला आणि व्हिपवर्म हे मुख्य संशयित असतात.

तिसरा प्रश्न वेगाचा. दोनचार दिवसांत लहान-मोठी सगळीच डुकरे हगवू लागली, काही ओकू लागली, तर कारण बहुधा विषाणूचे असते. ट्रान्समिसिबल गॅस्ट्रोएन्टरायटिस आणि पोर्साइन एपिडेमिक डायरिया हे दोन कोरोना विषाणूंचे आजार असे येतात. त्यांत दूध पिणाऱ्या पिल्लांची मोठी मरतुक होते, वाढती डुकरे मात्र बहुधा आठवड्याभरात सावरतात. डिसेंट्री एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सावकाश सरकते, कारण संसर्गानंतर लक्षणे दिसायला बहुधा १० ते १४ दिवस लागतात. एखादेच जनावर फिकट पडून काळी विष्ठा टाकत असेल आणि बाकीची ठणठणीत असतील, तर संसर्गापेक्षा जठराच्या व्रणाची शक्यता अधिक.

इलिआयटिस

लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला होणारा हा आजार डुकरे पाळणाऱ्या बहुतेक सर्व देशांत आढळतो. अमेरिकेतील आयोवा येथे बीस्टर आणि श्वार्टे यांनी १९३१ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यामागच्या जिवाणूला लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस हे नाव मिळायला १९९५ साल उजाडले. एडिनबरा येथील संशोधक लॉसन यांच्यावरून ते ठेवले आहे. इतका उशीर होण्याचे एक कारण असे, की हा जिवाणू फक्त जिवंत पेशींच्या आतच वाढतो. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या माध्यमावर तो उगवत नाही.

आतड्याच्या अस्तरात खोलवर असलेल्या, विभाजन पावणाऱ्या कोवळ्या पेशींत तो शिरतो. त्या पेशी विभाजित होत राहतात, पण पक्व होत नाहीत. त्यामुळे अस्तर जाड होत जाते आणि अन्न शोषणारे अंकुर नाहीसे होतात. जुनाट प्रकारात डुकरे मंदावतात, विष्ठा सैल होते, वजन असमान होते. आतड्यातील विकृती संसर्गानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वात ठळक असते आणि पुढे बरीच डुकरे आपोआप बरी होतात. तीव्र प्रकार सहसा ४ ते १२ महिन्यांच्या, म्हणजे विक्रीला आलेल्या किंवा पैदाशीसाठी राखलेल्या डुकरांत दिसतो. त्यात आतड्यात रक्तस्राव होतो, डुक्कर पांढरेफटक पडते, विष्ठा काळी आणि सैल होते. काही जनावरे अचानक मरतात.

डिसेंट्री आणि तिचे सौम्य भावंड

डिसेंट्री म्हणजे आव-रक्ताची हगवण. अमेरिकेतील इंडियाना राज्यातून १९२१ मध्ये तिची नोंद झाली. तिचे कारण, म्हणजे ब्रॅकिस्पिरा हायोडिसेन्टेरी हा मळसूत्री जिवाणू, ब्रिटन आणि अमेरिकेतील संशोधकांनी १९७१-७२ मध्ये निश्चित केले. हा आजार केवळ मोठ्या आतड्याचा. आधी विष्ठा सैल होते, मग तिच्यात आव दिसते, पुढे रक्ताच्या रेषा आणि पांढुरके तुकडे येतात. बरगडीमागचा भाग आत ओढला जातो, मागचा भाग विष्ठेने माखतो. ताप असला तरी बहुधा सौम्य असतो.

याच कुळातला ब्रॅकिस्पिरा पायलोसिकोली सौम्य सूज आणतो. विष्ठा राखाडी-हिरवट व सैल होते, आव असली तरी रक्त क्वचितच येते. ब्रॅकिस्पिरा इनोसेन्स हा तिसरा सोबती तर मोठ्या आतड्यात राहूनही सहसा आजार करत नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्री जिवाणू दिसले, एवढ्यावर डिसेंट्रीचे निदान होत नाही. जात ओळखावी लागते.

साल्मोनेला आणि एक जुनी चूक

साल्मोनेलाचे दोन प्रकार या वयात महत्त्वाचे. साल्मोनेला कॉलरासुइस रक्तात पसरतो. त्याने जोराचा ताप येतो, कान, नाक आणि पोटाची कातडी जांभळी पडते, जनावर दगावते. साल्मोनेला टायफिम्युरियम मुख्यतः आतड्यात राहतो आणि पिवळसर पातळ हगवण लावतो. ती थांबून थांबून पुन्हा येते. बरे झालेल्या काही डुकरांत गुदाशयाजवळ आतडे आक्रसते, विष्ठा अडते आणि पोट फुगत जाते. साल्मोनेला माणसालाही बाधतो. म्हणून नमुने हाताळताना हातमोजे आणि नंतर साबणाने हात धुणे आवश्यक.

या जिवाणूच्या शोधाची कथा निदानशास्त्रात धडा म्हणून सांगितली जाते. १८८५ च्या सुमारास अमेरिकेत ‘हॉग कॉलरा’ची साथ होती. सरकारी पशु विभागाचे प्रमुख डॅनियल सॅल्मन आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांना आजारी डुकरांत एक जिवाणू सापडला. हाच साथीचे कारण, असे त्यांनी मानले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच विभागातील द श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी आजारी डुकराचे रक्त जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळले. गाळून आलेल्या द्रवानेही निरोगी डुकरांना रोग झाला. म्हणजे कारण विषाणूचे होते आणि सॅल्मन-स्मिथ यांचा जिवाणू बहुधा मागाहून घुसलेला होता. त्या जिवाणू-कुळाला सॅल्मन यांचे नाव मिळाले ते कायमचे. ‘हॉग कॉलरा’ आज क्लासिकल स्वाइन फीव्हर म्हणून ओळखला जातो.

जंत, खाद्य आणि जठर

व्हिपवर्म हा जंत अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात राहतो. त्याचे बारीक पुढचे टोक अस्तरात रुतलेले असते आणि जाड मागचा भाग आतड्याच्या पोकळीत लोंबतो. तीव्र प्रादुर्भावात आव-रक्ताची हगवण होते आणि ती हुबेहूब डिसेंट्री वाटते. इथे एक फसगत संभवते. अंडी पोटात गेल्यापासून जंत प्रौढ होऊन स्वतः अंडी घालू लागेपर्यंत ६ ते ७ आठवडे जातात, पण हगवण त्याआधीच लागू शकते. त्या काळात विष्ठेच्या तपासणीत अंडी मिळत नाहीत. अहवाल ‘जंत नाहीत’ असा येतो आणि आतड्यात मात्र शेकडो अपक्व जंत असतात. या जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून मोकळ्यावर फिरणाऱ्या किंवा मातीच्या जमिनीवर ठेवलेल्या डुकरांत या शक्यतेचा विचार आधी करावा.

मोठे गोल जंत, म्हणजे ॲस्कॅरिस, हगवणीपेक्षा खुरटण्याचे कारण ठरतात. त्यांच्या अळ्या यकृतातून प्रवास करतात आणि तिथे पांढरे डाग सोडतात. कत्तलखान्यात यकृतावर असे डाग दिसले, तर कळपात जंतांचा प्रादुर्भाव आहे हे कळते.

संसर्ग नसतानाही पोट बिघडते. हॉटेल-मेसमधले खरकटे खाणाऱ्या डुकरांना एके दिवशी तेलकट, आंबलेले किंवा नेहमीपेक्षा फार वेगळे अन्न मिळाले, की हगवण लागते आणि खाद्य पूर्ववत केल्यावर थांबते. फार बारीक दळलेल्या खाद्याने जठराच्या अन्ननलिकेलगतच्या भागात व्रण होतात. आतड्याला पीळ पडला, तर धडधाकट डुक्कर काही तासांत पोट फुगून मरते.

सुरी लावण्यापूर्वी

भारतात शवविच्छेदनाआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळालेच पाहिजे: हा स्वाइन फीव्हर तर नाही? क्लासिकल स्वाइन फीव्हर देशात पूर्वापार आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. दोन्हींत हगवण, कधी रक्ती हगवण होते, पण चित्र केवळ पोटाचे नसते. जोराचा ताप, खाणे पूर्ण बंद, कातडीवर लालसर-जांभळे चट्टे, मागच्या पायांत कमजोरी, गर्भपात आणि सर्व वयोगटांत मरतूक अशी लक्षणे एकत्र दिसतात. डुकराचे सामान्य तापमान सुमारे १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असते. अनेक डुकरांत ते १०५ च्या पुढे गेले, तर आजार आतड्यापुरता मानू नये.

अशा वेळी शव फार्मवर उघडू नये. सांडलेले रक्त विषाणू पसरवते. हे दोन्ही रोग २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यानुसार अधिसूचित आहेत आणि संशय आल्यास पशुसंवर्धन खात्याला कळवणे बंधनकारक आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या पक्क्या निदानासाठी नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात.

आतडे उघडल्यावर

स्वाइन फीव्हरचा संशय नसेल, तर शवविच्छेदन हे सर्वात स्वस्त आणि सर्वात बोलके साधन. आतडे मात्र मृत्यूनंतर फार लवकर कुजू लागते. रात्री मेलेले डुक्कर सकाळी उघडले, तर अस्तराची बारीक रचना गेलेली असते. म्हणून मोठ्या फार्मवर नुकतीच लक्षणे दिसू लागलेली, औषध न दिलेली दोनतीन जनावरे निवडून पशुवैद्य त्यांना वेदनारहित मरण देतो आणि लगेच तपासतो. आठवडाभर रेंगाळलेले, हाडांचा सापळा झालेले जनावर यासाठी निरुपयोगी, कारण मूळ रोगावर तोवर दुय्यम संसर्गांचे थर चढलेले असतात.

आतडे जठरापासून गुदाशयापर्यंत क्रमाने पाहतात. जठरात व्रण आहे का, लहान आतड्याची भिंत पातळ झाली आहे का, ती जाड आहे का, अंधांत्र आणि मोठ्या आतड्याचे वेटोळे कसे आहे, लसिका ग्रंथी सुजल्या आहेत का, अशी ही तपासणी असते. इलिआयटिसमध्ये लहान आतड्याचे शेवटचे टोक रबरी नळीसारखे जाड आणि कडक होते, बाहेरून जाळीदार दिसते आणि आत अस्तराच्या घड्या पडतात. तीव्र प्रकारात त्याच भागात गोठलेल्या रक्ताचा लांब गोळा सापडतो. निरोगी डुकरातही या टोकाचा स्नायू मुळात जाड असतो, त्यामुळे नवख्याचा अंदाज चुकतो. शेजारी निरोगी डुकराचे आतडे ठेवून तुलना केली की फरक कळतो.

लहान आतडे स्वच्छ आणि मोठे आतडे मात्र लाल, सुजलेले, आव-रक्त व पांढुरक्या पापुद्र्याने माखलेले असेल, तर डिसेंट्रीचा संशय बळावतो. निर्णय देण्याआधी अस्तर पाण्याने धुऊन खरवडून व्हिपवर्म शोधावेत. अपक्व जंत काही मिलिमीटरचेच असतात, त्यामुळे भिंग लागते. शेषांत्र (लहान आतड्याचा शेवटचा भाग), अंधांत्र आणि मोठे आतडे अशा तिन्ही ठिकाणी मृत अस्तराचे पट्टे किंवा बटणाच्या आकाराचे व्रण असतील आणि लसिका ग्रंथी सुजलेल्या असतील, तर साल्मोनेलाकडे बोट जाते. असे व्रण क्लासिकल स्वाइन फीव्हरमध्येही होतात, हे विसरून चालत नाही.

नमुने

डोळ्यांना दिसले ते संशय ठरवते, खात्री प्रयोगशाळा देते, आणि ती नमुन्याच्या दर्जाबाहेर जाऊ शकत नाही. जमिनीवरची वाळलेली विष्ठा नको. गुदाशयातून थेट घेतलेली सुमारे १० ग्रॅम ताजी विष्ठा चालते. एकाच नव्हे, तर निदान पाचसहा जनावरांची घ्यावी. आतड्याच्या बाधित भागाच्या दोन्ही टोकांना दोरा बांधून तो तुकडा बर्फावर पाठवतात. ब्रॅकिस्पिराची वाढ करून पाहायची असेल, तर नमुना थंड ठेवतात, पण गोठवत नाहीत. गोठवल्यास जिवाणू मरतात.

ऊतींच्या तपासणीसाठी वेगळे तुकडे लागतात. आतड्याचा दोनतीन सेंटिमीटरचा तुकडा उघडून, न चोळता, तुकड्याच्या किमान दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. शेषांत्र, अंधांत्र आणि मोठे आतडे यांचे तुकडे प्रत्येकी हवेत. फॉर्मॅलिनमधला नमुना बर्फावर ठेवण्याची गरज नसते आणि गोठवला तर तो बिघडतो. सोबत वय, दूध तुटल्याची तारीख, खाद्य, जंतनाशक आणि दिलेली औषधे यांची चिठ्ठी असावी. महाराष्ट्रात पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभाग आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा येथे अशा तपासण्यांसाठी नमुने पाठवता येतात.

अहवाल वाचताना

साल्मोनेला माध्यमावर वाढवून ओळखायला काही दिवस लागतात. ब्रॅकिस्पिराला ऑक्सिजनविरहित वातावरण, खास माध्यम आणि आठवडाभराचा अवधी लागतो. रक्तयुक्त माध्यमावर हायोडिसेन्टेरी भोवतालच्या रक्तपेशी पूर्ण फोडतो, सौम्य जाती अंशतः फोडतात. लॉसोनियासाठी पीसीआर (जंतूचा डीएनए ओळखणारी चाचणी) किंवा ऊतींवरील विशेष रंजन यांचाच आधार.

पीसीआर अतिशय संवेदनशील असते आणि हीच तिची अडचण. लॉसोनिया बहुसंख्य कळपांत थोडाफार असतोच. साल्मोनेलाची वाहक डुकरे ठणठणीत दिसतात. त्यामुळे नुसता ‘पॉझिटिव्ह’ शेरा रोग सिद्ध करत नाही. जिवाणूची संख्या मोजणारी पीसीआर अधिक उपयोगी, कारण थोडे जिवाणू आणि प्रचंड जिवाणू यांतला फरक ती दाखवते. शेवटचा शब्द ऊतींच्या तपासणीचा: बिघडलेल्या पेशींतच जिवाणू दिसला, तर दोघांचा संबंध जुळतो. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना केवळ डिसेंट्रीचा जिवाणू पाजला, तर प्रयोगांत त्यांना रोग झाला नाही. आतड्यातले इतर जिवाणू सोबत दिल्यावर झाला. रोग हा एका जंतूचा एकट्याचा खेळ नसतो, याचा हा पुरावा.

रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आजारी जनावरापेक्षा कळपाचा इतिहास सांगते. लॉसोनियाविरुद्धची प्रतिपिंडे संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी दिसतात. एकाच दिवशी १०, १४, १८ आणि २२ आठवड्यांच्या डुकरांचे रक्त तपासले आणि प्रतिपिंडे १८ व्या आठवड्यापासून पुढे मिळाली, तर संसर्ग साधारण ११ ते १५ आठवड्यांच्या दरम्यान झाला, असे गणित निघते. लस त्याच्या पुरेशी आधी द्यावी लागते.

औषध देऊन पाहणे हे निदान नव्हे. टायम्युलिन आणि लिंकोमायसिन ही औषधे इलिआयटिस आणि डिसेंट्री या दोन्हींवर चालतात. गुण आला, तरी रोग कोणता होता ते कळत नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. इलिआयटिस लस आणि व्यवस्थापनाने आटोक्यात ठेवता येतो. डिसेंट्री घालवण्यासाठी अनेकदा शेड रिकामी करून, धुऊन, उंदरांचा बंदोबस्त करून कळप नव्याने उभारावा लागतो, कारण उंदीरही तिचा जिवाणू बाळगतात. शिवाय चुकीच्या औषधाने जिवाणूंत प्रतिकारशक्ती वाढते. याच धोक्यापायी भारत सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख डुकरे आहेत. त्यांतली बरीचशी चारदोन जनावरे पाळणाऱ्या कुटुंबांकडे आहेत आणि प्रत्येकाला महागड्या तपासण्या परवडत नाहीत. पण वय, पसरण्याचा वेग, विष्ठेचे रूप आणि ताप या चार नोंदी वहीत ठेवायला खर्च येत नाही, आणि त्यांनीच निम्मे संशयित बाद होतात. वय, आतड्यातली जागा, अस्तराची विकृती आणि सापडलेला जंतू या चारही गोष्टी एकमेकींशी जुळल्या, तरच निदान झाले असे मानावे. म्हणून वराहपालकाने औषधाच्या पहिल्या मात्रेआधी पशुवैद्याला बोलवावे आणि नमुने घ्यावेत. मात्रा दिल्यावर घेतलेला नमुना बहुतेक वेळा काहीच सांगत नाही.